मूत्रपिंडातील अमायलॉइड : नाव एक, रोग अनेक

गेल्या पावसाळ्यात शहादा तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी माझ्या दवाखान्यात आले. दोन्ही पायांवर सूज, डोळ्यांखाली फुगवटा आणि हातातल्या पिशवीत घडी घातलेला तपासणीचा कागद. मुलाने त्यांना मोठ्या शहरात नेऊन मूत्रपिंडाची बायोप्सी करून आणली होती. कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘रीनल अमायलॉइडोसिस’.

गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, व्याही म्हणतात हा कॅन्सरचा प्रकार आहे. शेजारचे म्हणतात, जुना टीबी मूत्रपिंडात उतरला. मुलगा म्हणतो, आनुवंशिक असेल तर आम्हा भावंडांचीही तपासणी करावी लागेल. यातले खरे काय?”

मी कागद शेवटपर्यंत वाचला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘अमायलॉइडचा प्रकार निश्चित करावा.’ ती ओळ घरातील कोणीही वाचली नव्हती. वास्तविक त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच होती. कारण व्याही, शेजारी आणि मुलगा यांपैकी कोणाचेही म्हणणे खरे ठरू शकत होते, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा होता. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर उपयोग तर होत नाहीच, उलट जिवावर बेतू शकते.

अमायलॉइडोसिस हा शब्द काही वाचकांच्या कानावरून गेला असेल. पाकिस्तानचे माजी लष्करशहा परवेझ मुशर्रफ यांना हा रोग असल्याचे त्यांच्या कुटुंबीयांनी जून २०२२ मध्ये जाहीर केले होते. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी बातमीत हा शब्द आला, पण तो नेमका कोणता रोग हे फारसे कोणी सांगितले नाही. हा फक्त बड्या लोकांचा रोग आहे असेही नाही. आपल्या जिल्ह्यातील मजूर, शेतकरी, गुरुजी यांनाही तो होतो. म्हणून आज त्याची नीट ओळख करून घेऊ.

अमायलॉइड म्हणजे काय?

शाळेत असताना बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा झालेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ती पिष्टमय पदार्थाची खूण. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५४ साली रोग्याच्या शरीरात साचलेल्या एका पदार्थावर आयोडीन टाकले तेव्हा त्याचाही रंग पिष्टासारखा बदलला. लॅटिन भाषेत पिष्टाला ‘अमायलम’ म्हणतात. त्यावरून त्यांनी नाव दिले अमायलॉइड, म्हणजे पिष्टासारखा. पुढे पाचच वर्षांत, १८५९ साली, हा पदार्थ पिष्ट नसून प्रथिन आहे असे सिद्ध झाले. नाव मात्र चुकीचे असूनही कायम राहिले.

आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने रोज तयार होतात. प्रत्येक प्रथिनाची एक ठराविक घडी असते. घडी नीट असली तर प्रथिन रक्तात विरघळून आपले काम करते. काही कारणाने घडी बिघडली तर ही प्रथिने एकमेकांना चिकटून सुतळीसारखे बारीक, चिवट तंतू बनतात. हे तंतू विरघळत नाहीत आणि शरीराला ते सहज काढूनही टाकता येत नाहीत. मग ते मूत्रपिंड, हृदय, यकृत, प्लीहा, आतडी, नसा यांत साचत जातात. या साचण्याला अमायलॉइडोसिस म्हणतात.

तापीला पूर येतो आणि ओसरतो तेव्हा काठावर गाळ राहतो. एखाद्या पुराचा गाळ पुढच्या पाण्याने निघूनही जातो, पण वर्षानुवर्षे गाळच येत राहिला तर पात्र उथळ होते. मूत्रपिंडाचे तसेच होते. आता गाळ कोणत्या डोंगरातून येतो हे कळल्याशिवाय बांध कुठे घालायचा ते ठरत नाही. अमायलॉइडचा प्रकार ओळखणे म्हणजे गाळाचा उगम शोधणे.

मूत्रपिंडावर काय परिणाम होतो?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने जातात. गाळण्यांत अमायलॉइड साचले की त्यांची जाळी फाटल्यासारखी होते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. दिवसाला साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने गेली की रक्तातील अल्ब्युमिन घटते आणि अंगावर सूज येते. सकाळी डोळ्यांभोवती, संध्याकाळी पायांवर, पुढे पोटात पाणी. लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. भूक मंदावते, थकवा येतो. शेवटी मूत्रपिंडे काम करेनाशी होतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. इतर जुनाट विकारांत मूत्रपिंडे आकसून लहान होतात. अमायलॉइडमध्ये ती सोनोग्राफीत बहुधा नेहमीच्या आकाराची किंवा मोठीच दिसतात. रक्तदाबही पुष्कळदा वाढलेला नसतो. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, बी.पी. नॉर्मल आहे’ असे म्हणून रोगी निर्धास्त राहतो आणि बहुमोल महिने निघून जातात.

नावे कशी ठेवली जातात?

पूर्वी या रोगाचे दोन ढोबळ भाग करीत. कारण सापडले नाही तर ‘प्राथमिक’ आणि दुसऱ्या रोगामुळे झाला असेल तर ‘दुय्यम’. ही विभागणी आता मागे पडली. आता साचलेले प्रथिन कोणते, यावरून नाव देतात. इंग्रजीतील ‘ए’ हे अक्षर अमायलॉइडसाठी आणि त्यापुढे त्या प्रथिनाची खूण. अशी ४० हून अधिक प्रथिने आज माहीत आहेत. सामान्य वाचकाने ती सर्व लक्षात ठेवण्याची गरज नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत पुढील तीन गट समजले तरी पुरे.

पहिला प्रकार, एए : जुन्या जळजळीचा गाळ

शरीरात कुठेही जंतुसंसर्ग किंवा दाह असला की यकृत ‘सिरम अमायलॉइड ए’ नावाचे प्रथिन बनवू लागते. त्याचे प्रमाण नेहमीच्या हजार पटीपर्यंतही वाढू शकते. आजार चार-आठ दिवसांत बरा झाला तर प्रमाण खाली येते आणि काही बिघडत नाही. परंतु दाह महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर या प्रथिनाचे तुकडे मूत्रपिंडात साचू लागतात. हा एए प्रकार.

पाश्चात्त्य देशांत याचे मुख्य कारण आमवातासारखे सांध्यांचे दाहक विकार हे आहे. लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्राने २००७ साली ३७४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे ६० टक्के रोगी सांध्यांच्या दाहाचे होते. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. चंदीगडच्या पी.जी.आय. संस्थेतील डॉक्टरांनी भारतीय रोग्यांच्या मूत्रपिंडातील अमायलॉइडचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. त्यात क्षयरोग हेच प्रमुख कारण आढळले. अपुरा उपचार झालेला क्षय, त्यातून फुफ्फुसात राहिलेल्या पू धरणाऱ्या पोकळ्या, हाडातील जुना पू, वर्षानुवर्षे वाहणारी जखम, वारंवार प्रतिक्रिया येणारा कुष्ठरोग, हे सर्व याच वाटेने मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘टीबी मूत्रपिंडात उतरला’ असे लोक म्हणतात. मूत्रपिंडाचा क्षय हा वेगळा रोग आहे. त्यात क्षयाचे जंतू प्रत्यक्ष मूत्रपिंडात वाढतात आणि लघवीत पू किंवा रक्त येते. एए अमायलॉइडमध्ये मूत्रपिंडात जंतू नसतात. आग फुफ्फुसात लागलेली असते, राख मूत्रपिंडात पडते.

धडगावकडील एका पस्तिशीतील मजुराची हकिकत सांगतो. त्याला फुफ्फुसाचा क्षय झाला. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, भूक लागू लागली. तेवढ्यात हंगाम आला. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, म्हणून बायको-मुलांसह कोयता घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला गेला. गोळ्या सुटल्या. परत आला तेव्हा खोकला पुन्हा सुरू. पुन्हा गोळ्या, पुन्हा हंगाम, पुन्हा खंड. असे तीनदा झाले. चौथ्या वर्षी तो माझ्याकडे आला तेव्हा तक्रार खोकल्याची नव्हती, पायांच्या सुजेची होती.

माझ्याकडे अजूनही परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा आहे. त्याची लघवी नळीत घेऊन तापवली आणि ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकले, तर नळीत दह्यासारखा साका जमला. पुढे बायोप्सी झाली, एए प्रकार निघाला. रक्तातील क्रिएटिनिन तोपर्यंत २.४ झाले होते. थुंकी तपासून, जंतू कोणत्या औषधांना दाद देतात ते पाहून क्षयाचा उपचार नव्याने सुरू झाला, आणि या वेळी तो पुरा झाला. सूज बरीच उतरली, लघवीतील प्रथिने कमी झाली. क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या जागी आले नाही. जे गेले ते गेले, उरलेले वाचले. पहिल्याच वेळी सहा महिने गोळ्या घेतल्या असत्या तर बहुधा ही वेळ आली नसती, हे सांगताना मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. घरात चूल पेटायची तर हंगाम चुकवता येत नाही, हे मीही जाणतो.

म्हणून मुद्दाम लिहितो. क्षयाचा उपचार आता गावोगावी मोफत आहे. नोंद झाली की रोग्याला निक्षय क्रमांक मिळतो. स्थलांतर करण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगितले तर त्याच क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही औषधे चालू ठेवता येतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. कोयता बांधताना गोळ्यांची पाकिटेही बांधावीत.

एए प्रकारात उपचाराचे सूत्र एकच, मूळ आग विझवणे. क्षय पूर्ण बरा करणे, पू काढून टाकणे, आमवात आटोक्यात ठेवणे. लंडनच्या त्याच पाहणीत असे दिसले की रक्तातील सिरम अमायलॉइड ए जितके कमी राहील तितके आयुष्य आणि मूत्रपिंड अधिक टिकते. ही तपासणी लहान गावात होत नाही, पण सी.आर.पी. ही साधी रक्ततपासणी आग विझते आहे की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज देते.

भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत वारंवार ताप आणि पोटदुखी येणारा एक आनुवंशिक विकार आहे. त्यातूनही एए अमायलॉइड होते आणि कोल्चिसिन या औषधाने ते टाळता येते. हे कोल्चिसिन पावसाळ्यात सातपुड्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. म्हणून कोणी कळलावीचा कंद उगाळून पिण्याच्या भरीस पडू नये. तो जहाल विषारी आहे. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि कंदात ती किती आहे हे कोणालाही चवीने कळत नाही. शिवाय क्षयातून झालेल्या अमायलॉइडचे ते औषधही नव्हे.

दुसरा प्रकार, एएल : अस्थिमज्जेतून येणारा गाळ

आपल्या हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनवणे हे त्यांचे काम. यांपैकी एखाद्या पेशीचा वंश बेसुमार वाढला तर तो प्रतिपिंडाचा एकच तुकडा, ‘लाइट चेन’, सतत रक्तात सोडत राहतो. हे तुकडे साचून एएल प्रकार होतो. लाइट चेनचे कप्पा आणि लॅम्डा असे दोन प्रकार आहेत. अमायलॉइडमध्ये लॅम्डा अधिक आढळते. हा रोग सहसा पन्नाशीनंतर दिसतो. मल्टिपल मायलोमा या मगजाच्या कर्करोगाशी त्याचे नाते आहे, परंतु एएलच्या बहुतेक रोग्यांना मायलोमा नसतो. तरी उपचार मात्र त्याच धर्तीचे असतात. गुरुजींचे व्याही ‘कॅन्सरचा प्रकार’ म्हणत होते ते यामुळे.

याच्या काही खुणा डोळ्यांनी दिसतात. जीभ जाड होते आणि कडेवर दातांचे व्रण उमटतात. जोराने खोकले किंवा शिंकले तरी पापण्यांभोवती जांभळे डाग पडतात. हातापायांना मुंग्या येतात. उठून उभे राहिल्यावर चक्कर येते. चालताना दम लागतो. दम लागणे हे हृदयातही अमायलॉइड साचल्याचे लक्षण असू शकते आणि मग घाई करावी लागते.

लघवीच्या तपासणीत इथे एक खाच आहे. नेहमीची रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिला बहुधा दिसत नाहीत. म्हणून रक्ताची प्रथिन-इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या कराव्या लागतात. उपचारात बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड, डेक्सामेथासोन ही औषधे देतात. डाराट्युमुमॅब हे नवे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले. निवडक रोग्यांत स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण करतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या रोग्यांना फारसे काही देता येत नसे. आता लवकर ओळखले तर पुष्कळ वर्षे मिळू शकतात.

तिसरा गट : आनुवंशिक आणि इतर

काही घराण्यांत प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो. फायब्रिनोजेन, अपोलिपोप्रोटीन, लायसोझाइम, ट्रान्सथायरेटिन अशी ही प्रथिने आहेत. त्यांपैकी फायब्रिनोजेनचा प्रकार जवळजवळ केवळ मूत्रपिंडावरच घाला घालतो. दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी रोग होऊ शकतो. मात्र जनुक असूनही काहींना आयुष्यभर रोग होत नाही, त्यामुळे ‘आमच्या घरात कोणालाच नव्हते’ हा पुरावा पुरेसा नाही.

२००८ साली ‘लेक्ट-२’ नावाच्या प्रथिनाचा आणखी एक प्रकार सापडला. मेक्सिकन वंशाच्या लोकांत, इजिप्तमध्ये आणि पंजाबी वंशाच्या लोकांत तो अधिक दिसून आला आहे. तो हळूहळू वाढतो आणि त्यात लघवीतून प्रथिने फारशी न जाताही मूत्रपिंड क्षीण होत जाते. अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या रोग्यांत ‘बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन’चे अमायलॉइड मनगट आणि खांद्याच्या सांध्यांत साचते. तिथे क्रम उलटा आहे. आधी मूत्रपिंड निकामी होते, मग अमायलॉइड येते.

चूक होते कुठे?

लंडनच्या केंद्राने २००२ साली एक डोळे उघडणारी पाहणी प्रसिद्ध केली. एएल असावा असे समजलेल्या ३५० रोग्यांची जनुकीय तपासणी केली तेव्हा ३४ जणांत आनुवंशिक दोष सापडला. म्हणजे जवळजवळ दहांतील एकाला, प्रकार न तपासता, मगजावरची जहाल औषधे विनाकारण मिळाली असती.

आपल्याकडे चूक दुसऱ्या बाजूने होते. जुन्या क्षयाचा इतिहास मिळाला की ‘असणार क्षयाचेच’ असे आपण धरून चालतो, डॉक्टरसुद्धा. आपल्या भागात तो अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, आणि म्हणूनच चुकतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रकार ठरवतात कसा?

प्रथम अमायलॉइड आहे हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी मूत्रपिंडाचा, किंवा काही वेळा पोटावरील चरबीचा, बारीक तुकडा काढून त्यावर ‘काँगो रेड’ हा रंग चढवतात. १८८४ साली जर्मनीत हा रंग सापडला तो सुती कापड रंगवण्यासाठी. १९२२ पासून तो अमायलॉइड ओळखण्यासाठी वापरात आला. रंगवलेला तुकडा विशिष्ट प्रकाशाखाली पाहिला की अमायलॉइड कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकते. परंतु सगळेच प्रकार हिरवे चमकतात. काँगो रेड फक्त ‘गाळ आहे’ एवढेच सांगतो, कुठला ते सांगत नाही. गुरुजींचा कागद इथपर्यंतच आला होता.

विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट वापरून एए ओळखण्याची एक स्वस्त युक्ती पूर्वी होती, पण ती बेभरवशाची ठरली. आता तुकड्यावर निरनिराळ्या प्रथिनांची प्रतिपिंडे लावून पाहतात. त्यानेही उलगडा झाला नाही तर अमायलॉइडचा भाग लेझरने कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यातील प्रथिन थेट ओळखतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे, पण त्यासाठी रोग्याने दरवेळी प्रवास करावा लागतो असे नाही. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असतो, तो पाठवता येतो. म्हणून बायोप्सीचा कागद, क्रमांक आणि ठोकळा कुठे आहे याची माहिती घरी जपून ठेवावी.

वाचकांनी काय करावे?

१. लघवीला सतत फेस येत असेल किंवा पायांवर आठवडाभर सूज टिकली तर लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. ही तपासणी अगदी स्वस्त आहे.

२. ज्यांना पूर्वी क्षय झाला आहे, कुष्ठरोगाच्या प्रतिक्रिया येतात, हाडातून पू येतो किंवा अनेक वर्षे आमवात आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवी तपासावी.

३. प्रत्येक सूज अमायलॉइडची नसते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृताचे विकार, तसेच आपल्या आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल आजार यांनीही लघवीतून प्रथिने जातात किंवा सूज येते. निदान डॉक्टरांवर सोपवावे.

४. सुजेवर परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. लहान मुलांच्या सुजेच्या एका विकारात त्यांचा चांगला उपयोग होतो, पण मोठ्या माणसात आधी बायोप्सीचा विचार व्हावा. दडलेला क्षय स्टिरॉइडने उसळतो.

५. अंगदुखीच्या गोळ्या, भस्मे आणि अनोळखी काढे बंद ठेवावेत. मूत्रपिंड आधीच अडचणीत असते.

६. कागदावर ‘अमायलॉइडोसिस’ एवढेच लिहिले असेल तर डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा, “कोणता प्रकार?” असे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

७. खर्चाची धास्ती घेऊन तपासणी टाळू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि कर्करोगाचे अनेक उपचार होतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे चौकशी करावी.

गुरुजींचे पुढे काय झाले?

गुरुजींना वीस वर्षांपूर्वी क्षय झाला होता, म्हणून घरच्यांचा कल शेजाऱ्यांच्या मताकडे होता. खरे सांगायचे तर क्षणभर माझाही तोच कल झाला. पण त्यांनी तेव्हा औषधे पूर्ण घेतली होती, छातीचा फोटो स्वच्छ होता, सी.आर.पी. वाढलेले नव्हते. मग मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. ती जाड होती आणि कडेवर दातांचे ठसे होते. पापणीवर जांभळा डाग होता, तो त्यांनी चष्म्याचा समजला होता. रक्तात लॅम्डा लाइट चेन खूप वाढलेल्या निघाल्या आणि बायोप्सीच्या त्याच ठोकळ्यावर पुढील तपासणी होऊन एएल प्रकार पक्का झाला.

म्हणजे व्याह्यांचे म्हणणे बरेचसे खरे निघाले. मुलाची काळजी मात्र मिटली, कारण हा प्रकार आई-वडिलांकडून मुलांत उतरत नाही. गुरुजींना दर आठवड्याला इंजेक्शन सुरू झाले. चार महिन्यांत रक्तातील लाइट चेन चांगल्याच खाली आल्या. लघवीतील प्रथिने अजून म्हणावी तितकी कमी झालेली नाहीत. गुरुजी विचारतात, “रक्त सुधारले, मग पाय का सुजतात?” मी त्यांना सांगतो, पूर थांबला आहे, गाळ निघायला वेळ लागणार. मूत्रपिंड उशिराच उत्तर देते, कधी वर्षभराने.

त्यांना जर क्षयाच्या गोळ्या दिल्या असत्या तर हे महिने वाया गेले असते. आणि धडगावच्या त्या मजुराला जर गुरुजींची औषधे दिली असती तर त्याचा क्षय भडकला असता. दोघांच्या कागदावर वरचा शब्द एकच होता. त्यांना वेगवेगळ्या वाटेने नेले ते खालच्या बारीक ओळीने. आपल्या घरातील तपासणीचे कागद आज एकदा काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत, एवढीच विनंती.